मेढ्याला उतरून पाहावं

साताऱ्याहून महाबळेश्वरला जायला दोन रस्ते आहेत. एक महामार्गाने पाचवडपर्यंत जातो, तिथून वाईला वळतो आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीमार्गे पोहोचतो. दुसरा मेढ्यावरून केळघर घाटाने चढतो. सुट्टीच्या दिवशी पहिल्या रस्त्यावर गाडीला गाडी लागते. दुसऱ्याने जाणारे कमी, आणि त्यातलेही बहुतेक जण मेढ्यात थांबतात ते चहापुरतेच. स्टँडसमोर गाडी लावायची, वडापाव खायचा, ‘घाट किती लांब राहिला?’ एवढं विचारायचं आणि निघायचं.

ज्या गावातून ते अशी घाई करून निघतात, ते अख्ख्या जावळी तालुक्याचं मुख्य ठिकाण आहे. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, वेण्णा नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. तहसील कचेरी, पंचायत समिती, एसटीचं आगार, नगरपंचायत असा तालुक्याच्या गावाचा सगळा संसार इथे आहे. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला डोंगर, मधून नदी. पश्चिमेला दोन्ही डोंगररांगा एकमेकींकडे सरकत जातात आणि शेवटी महाबळेश्वरच्या पठारात मिसळतात. तिथले पर्यटक वरच्या ‘पॉइंटां’वरून खाली बघतात आणि फोटो काढतात. पण सह्याद्रीचं खोरं समजून घ्यायचं, तर ते खालून, गावात राहून आणि पायी फिरून. त्यासाठी मेढ्याइतकी सोयीची जागा सातारा जिल्ह्यात दुसरी नाही.

वेण्णेपासूनच सुरुवात करायला हवी. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यातली वेण्णा महाबळेश्वरजवळ तलावाच्या रूपाने सगळ्यांना भेटते. तिथे नौकाविहार होतो, मक्याची कणसं मिळतात. पुढे लिंगमळ्याला ती कड्यावरून खाली झेपावते, आणि बहुतेकांच्या लेखी तिची गोष्ट तिथेच संपते. खरी नदी मात्र त्यानंतर सुरू होते. केळघरच्या खोऱ्यात ओढेनाले पोटात घेत ती मेढ्याला येते, कण्हेरच्या धरणात अडते, सुटते आणि साताऱ्याच्या पूर्वेला संगम माहुलीच्या घाटांवर कृष्णेला मिळते. उगमापासून संगमापर्यंत सगळा प्रवास साठ-पासष्ट किलोमीटरचा. एक नदी जन्मापासून शेवटापर्यंत एका दिवसात, एसटीने जाऊन पाहता येते, अशी संधी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मिळते. सकाळी पंचगंगेच्या मंदिरातून निघालेला माणूस दुपारी मेढ्याच्या पुलावर आणि संध्याकाळी माहुलीच्या पायऱ्यांवर असू शकतो.

उलट्या दिशेने, म्हणजे साताऱ्याकडून येताना, मोळाचा ओढा मागे पडला की शहर सुटतं. थोड्याच वेळात कण्हेर धरणाचा जलाशय दिसू लागतो. दहा टीएमसीच्या आसपास पाणी साठवणारं हे मातीचं धरण. पावसाळा संपताना पाणी डोंगराच्या पायथ्याला टेकलेलं असतं. मे महिन्यात ते मागे हटतं आणि तळाची गाळाची, भेगाळलेली जमीन उघडी पडते. या पाण्यावर शेती होते ती मुख्यतः धरणाच्या खालच्या भागात. वरच्या गावांचा प्रश्न वेगळाच आहे, तो पुढे येईलच.

साताऱ्याहून मेढ्यावरून जाणारा हा रस्ता जुना आहे, आणि त्याला राजघराण्याचा इतिहास आहे. इंग्रजांना महाबळेश्वरच्या हवेचा शोध लागला तो १८२४च्या सुमारास, जनरल पीटर लॉडविक तिथे जाऊन आल्यावर. त्यानंतर दोनच वर्षांनी, साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज यांच्या आग्रहावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी आपल्या राजधानीपासून महाबळेश्वरपर्यंत गाडीरस्ता बांधून घेतला. १८२८मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आले आणि पुढच्या वर्षी खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा इंग्रजांकडे गेली. माल्कमपेठ वसली ती अशी. साताऱ्याकडून माल्कमपेठेला जाणारी जी वाट पुढे रुळली, ती मेढा-केळघरचीच. आज ज्याला ‘मधला रस्ता’ म्हणून दुय्यम मानतात, तो साताऱ्याच्या लोकांचा महाबळेश्वरशी जोडलेला जुना धागा आहे.

त्याआधीचा इतिहास तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ असतो. जावळीचं खोरं, चंद्रराव मोरे, १६५६च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी घेतलेली जावळी, त्याच वर्षी उभा राहू लागलेला प्रतापगड आणि १६५९च्या नोव्हेंबरातला अफझलखानाचा वध. पण इतिहासात वाचलेली मोऱ्यांची जावळी प्रतापगडाच्या बाजूला, महाबळेश्वर तालुक्यात आहे. तिचं नाव घेतलेल्या तालुक्याचा कारभार मात्र मेढ्यातून चालतो. मोऱ्यांचा वाडा कुठे, असं विचारत मेढ्यात उतरणाऱ्याला इथली माणसं हसतमुखाने पुढचा रस्ता दाखवतात.

तालुक्याचे तीन भाग तीन वेगळ्या देशांसारखे आहेत. पूर्वेला कुडाळचा भाग. तिथे ऊस, साखर कारखाना, मोठे मळे. मधे मेढा आणि केळघरचं खोरं. तिथे भातखाचरं आणि उतारावर नाचणी. पश्चिमेला बामणोलीचा भाग. तिथे कोयनेचा जलाशय, जंगल आणि धरणाने विस्थापित केलेली गावं. तीस-चाळीस किलोमीटरमध्ये इतका फरक पडतो तो पावसामुळे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, साताऱ्याला हजाराच्या आसपास. मेढा या दोहोंच्या मधल्या उतरंडीवर आहे. पश्चिमेकडे दहा किलोमीटर सरकलं की पीक बदलतं, घराच्या छपराचा उतार बदलतो, भाकरीचं पीठसुद्धा बदलतं.

जुलैत इथे यावं. भाताची लागण चालू असते. आधी पेरून वाढवलेला तरवा उपटून त्याच्या मुठी बांधतात आणि चिखल केलेल्या खाचरात फेकतात. चिखलणी पूर्वी फक्त बैलांनी व्हायची, आता पॉवर टिलरही दिसतो. बाया ओळीने वाकून मागे सरकत रोप लावत जातात. तीन-चार काड्या चिमटीत धरायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या आणि हात काढून घेतानाच पुढची चिमूट तयार ठेवायची. लावलेलं रोप पहिल्या दिवशी मलूल होऊन पाण्यावर आडवं पडतं, आठवड्याभरात उभं राहतं आणि मग खाचराचा रंग रोज बदलत जातो. पाठीवर पूर्वी इरलं असायचं, आता प्लास्टिकचा कागद. पाऊस थांबत नाही आणि कामही थांबत नाही. एखाद्या पाहुण्याने बांधावर उभं राहून नुसतं बघण्याऐवजी ‘तरवा टाकू का?’ असं विचारलं, तर नाही म्हणणारं घर विरळाच. हे पाहिल्यावर ताटातल्या इंद्रायणी भाताची किंमत वेगळ्या अर्थाने कळते.

आणि इतका पाऊस पडणाऱ्या या खोऱ्यातली कितीतरी गावं एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी वणवण करतात. याचं कारण डोंगराच्या रचनेत आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हारसाच्या थरावर थर; खाली काळा कातळ, माथ्यावर जांभ्या दगडाची टोपी. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्यातून मुरतं, खालच्या घट्ट कातळावर अडतं आणि जिथे दोन थर भेटतात तिथे डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. जुनी गावं आणि वाड्या अशाच झऱ्यांच्या आधाराने वसल्या. पण झऱ्याची साठवण मर्यादित असते, उतार तीव्र असतो आणि पावसाचं बहुतेक पाणी काही तासांत नदीत, नदीतून धरणात निघून जातं. धरण खाली, गावं वर. म्हणूनच केळघर-मेढा भागातली ५४ गावं बोंडारवाडी धरणाची मागणी घेऊन वर्षानुवर्षं आंदोलन करत आली आहेत. खोऱ्याचं पाणी खोऱ्याला आधी मिळावं, ही त्यांची मागणी न्याय्य आहे. धबधब्याखाली भिजून परतणाऱ्या प्रवाशालाही ती ठाऊक असायला हवी.

मेढ्याच्या दक्षिणेला डोंगराची जी सलग भिंत दिसते, तिच्या माथ्यावर कासचं पठार आहे. सरळ रेषेत मोजलं तर दहा किलोमीटरसुद्धा नाही. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांना २०१२मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, त्यात महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासवर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा, त्यामुळे इथे झाडं वाढत नाहीत. वाढतात त्या पावसाच्या चार महिन्यांत आयुष्य उरकणाऱ्या छोट्या वनस्पती. ऑगस्टअखेरपासून तेरड्याचे गुलाबी पट्टे पडतात, मग गेंदाची पांढरी बोंडं, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. सीतेची आसवं ही नाजूक फुलं पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना पिशवीत पकडून खाणाऱ्या वनस्पतीची आहेत. माती इतकी निकस की नत्र असं मिळवावं लागतं. गवतात तांबूस, चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू वनस्पतीही तेच करते. टोपली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते; ज्या वर्षी ती फुलते त्या वर्षी पठाराचा रंगच बदलतो. हंगामात प्रवेशाची संख्या मर्यादित असते आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. कास, आटाळी, एकीव, कासाणी इथल्या गावकऱ्यांच्या समित्या वनखात्याबरोबर हे काम पाहतात. शनिवार-रविवार टाळला, तर तिथलेच वाटाडे फूल न् फूल ओळखून दाखवतात.

याच पठारावरच्या पावसाच्या दोन वाटा पाहण्यासारख्या आहेत. उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी वेण्णेतून माहुलीला कृष्णेत शिरतं. पश्चिमेला घरंगळलेलं पाणी कोयनेत जातं, लांबचा वळसा घेतं आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर त्याच कृष्णेला येऊन मिळतं. पठाराच्या कडेला उभं राहून ही दोन्ही खोरी एका नजरेत घेता येतात.

पश्चिमेला उतरलं की बामणोली. कोयना धरणामागचा शिवसागर जलाशय इथपर्यंत पसरला आहे. इथून लाँचने वासोट्याला जातात. किल्ल्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, आणि आज तो खरोखरच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, प्लास्टिक मोजून आत न्यावं आणि मोजून परत आणावं लागतं, आणि दिवस मावळायच्या आत जंगलाबाहेर पडावं लागतं. पाण्यातून जाताना ज्या भूभागावरून लाँच चालते, तिथे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी शेतं होती, देवळं होती. वीज महाराष्ट्राला मिळाली, जमीन इथल्यांची गेली. बामणोलीच्या काठावर एखादा वयस्क माणूस भेटला, तर त्याला जुन्या गावाबद्दल जरूर विचारावं.

डोंगरातल्या छोट्या गावाकडे प्रवासी कसा वळवता येतो, याचं एक दूरचं उदाहरण इथे आठवतं. दक्षिण कोरियाचा बहुतांश भूभाग डोंगराळ आहे. तिथल्या गांगवन प्रांतात तेबेक नावाचं छोटं शहर आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आत, उंची सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे मेढ्याएवढीच. हे कोळशाच्या खाणींचं शहर. १९८०च्या दशकात तिथे लाखाहून अधिक लोक राहत होते. मग खाणी एकेक करून मिटत गेल्या, आणि १९३६पासून चाललेली जांगसंगची मोठी खाणही २०२४मध्ये बंद झाली. पण तेबेकजवळ मेढ्यासारखीच एक श्रीमंती आहे: नद्यांचे उगम. देशातली सर्वांत लांब नदी नाकदोंग, तिचा उगम मानलं जाणारं ह्वांगजी तळं शहराच्या अगदी मध्यवस्तीत आहे. सोलमधून वाहणाऱ्या हान नदीचा उगमही त्याच शहराच्या हद्दीत. तेबेकने त्या तळ्याभोवती बाग केली, बाजार जवळच ठेवला, डोंगरावर चढायच्या वाटा आखल्या, जानेवारीत बर्फाचा महोत्सव सुरू केला. तिथे जाणारा माणूस तळं पाहतो, बाजारात जेवतो, रात्री राहतो आणि सकाळी तेबेकसान डोंगर चढतो. खाणी गेल्या त्याचं सगळं नुकसान यातून भरून निघालं असं नाही, पण शहराला स्वतःची ओळख सांगता आली. वेण्णेच्या काठी मेढ्यात नदीची गोष्ट सांगणारा एक फलक, घाटावर बसायला जागा, डोंगरवाटांचा नकाशा, एवढं झालं तरी साताऱ्याहून येणारी गाडी चहापेक्षा जास्त वेळ थांबेल.

कारण सांगण्यासारखं इथे खूप आहे, आणि ते फक्त निसर्गाचं नाही. जावळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत आहे. गिरण्यांत, गोदीत, बाजार समितीच्या आवारात पाठीवर ओझं वाहणाऱ्या माथाडी कामगारांत जावळी-पाटणची माणसं मोठ्या संख्येने होती. १९६९च्या माथाडी कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं. गावच्या जत्रेला आणि गणपतीला मुंबईकर परततात तेव्हा मेढ्याच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. याच तालुक्यातलं केडंबे हे तुकाराम ओंबळे यांचं गाव. आधी सैन्यात आणि नंतर मुंबई पोलिसांत नोकरी केलेल्या या सहायक फौजदाराने २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी घट्ट धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि त्याला जिवंत पकडून दिलं. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. केडंबे मेढ्याहून फार दूर नाही. तिथे जाऊन नमस्कार करून येणं हा या प्रवासाचा भाग व्हायला हवा.

जावळीच्या बायकांनी केलेलं कामही असंच अभिमानाचं. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिलं तर दारूचं दुकान बंद करावं लागतं, अशी महाराष्ट्रात तरतूद आहे. जावळीत महिलांनी आणि व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या तरुणांनी या मार्गाने दारूबंदीचा लढा दिला आणि जिंकला. त्यामुळे पर्यटनाच्या नावाखाली इथे मद्यालयं येणार असतील, तर त्याला तालुक्यातून विरोध होणार आणि तो व्हायलाच हवा. आषाढी एकादशीला करहरला यावं. या गावाला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात. ज्यांना पंढरीची वारी जमत नाही ते भर पावसात, भाताच्या लागणीतून वेळ काढून इथे विठ्ठलाच्या दर्शनाला येतात.

महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. तिथल्या बांधकामांवर बंधनं आली, आणि जमीन खरेदी करणाऱ्यांची नजर हळूहळू खाली, कासच्या कडेला, केळघरकडे आणि जलाशयाच्या काठाकडे वळली. आता राज्य रस्ते विकास महामंडळाकडून ‘नवीन महाबळेश्वर’ हा गिरिस्थान प्रकल्प आखला जात आहे. जावळीतल्या गावांसह सुरुवातीला २३५ गावं त्यात धरली गेली. रोजगार हवाच. मुंबईला न जाता पोट भरता आलं तर कुणाला नको आहे? पण झऱ्यांच्या माथ्यावरचा जांभा खोदून रिसॉर्ट उभं राहिलं, तर खालच्या वाडीचं पाणी आटेल, हे इथला शेतकरी कुणाही तज्ज्ञाइतकंच जाणतो. त्याला विचारूनच आराखडा झाला पाहिजे. घरगुती मुक्काम, गावातलेच वाटाडे, गावच्या बचतगटाची खानावळ यांतून येणारा पैसा गावात राहतो. कासच्या समित्यांनी ते काही प्रमाणात करून दाखवलं आहे.

जाणाऱ्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. सातारा-मेढा एसटी सहज मिळते, तासाभराचा प्रवास. मेढ्यात मोठ्या हॉटेलांची अपेक्षा ठेवू नये. केळघर, कास, बामणोली परिसरात घरगुती राहण्याची आणि कृषी पर्यटनाची सोय होते. जेवायला तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, झुणका, ठेचा मागावा; आधी सांगितलं तर मटणाचा रस्साही होतो. मे महिन्यात रानात करवंदं आणि जांभळं असतात. केळघर घाट देखणा आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी रस्ता चालू आहे का हे विचारून घ्यावं. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा जावळीत डोंगराचे कडे खचले, माणसं गेली, रस्ते वाहून गेले. घाटातल्या काळ्या कड्याजवळ गाडी थांबवून फोटो काढायचा मोह पावसात टाळावा.

परतताना आलेल्या वाटेने न जाता कुडाळमार्गे जावं. वैराटगडाच्या पायथ्याला, म्हसव्यात, एक प्रचंड वड आहे. १८८२मध्ये त्याचा घेर मोजला तेव्हा तो १,५८७ फूट भरला होता. मूळ खोड कुठलं आणि पारंब्यांची झालेली खोडं कुठली, हे आता ओळखता येत नाही. काही भाग कालांतराने गेला, तरी त्याच्या सावलीत उभं राहिल्यावर एक झाड एवढी जमीन कशी व्यापतं याची कल्पना येते. झाडाखाली चूल पेटवू नये, पारंब्यांवर नावं कोरू नयेत. तिथून पाचवड जवळ आहे, आणि पाचवडला महामार्गावर पुण्या-मुंबईच्या गाड्या मिळतात.